जळकी बुद्रुक

बोटीच्या फळीपाशी वेताची मोठी टोपली ठेवली होती. पायातलं त्यात टाकायचं आणि अनवाणी आत यायचं, लाकडी डेकला ओरखडे नकोत म्हणून. बायकोने आपले बूट नीट जोडीने टोपलीत ठेवले आणि म्हणाली, “अहो, देवळातच आल्यासारखं वाटतंय. नारळ तेवढा राहिला.”

ती सहज म्हणाली. पण ज्या पाण्यावर आमची बोट सुटणार होती, तिथे एकदा खरंच देऊळ बांधलं गेलं होतं, समुद्रदेवाचं. बांधणारेही आमच्यासारखेच बाहेरगावाहून बोटीने बघायला आलेले होते. त्यांच्याकडे येऊच.

मी मालवणचा. तेहतीस वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर होतो, शेवटची चौदा वर्षं चीफ. लोकांना वाटतं, जहाजावरच्या माणसाने जग पाहिलेलं असतं. जग पाहिलं ते वर ब्रिजवर उभ्या असणाऱ्यांनी. आम्ही पाणपातळीच्या खाली, घामाच्या धारांत, कानांवर मफ चढवून पिस्टन, पंप आणि प्युरिफायर पाहिले. सुएझमधून वर निघून काळ्या समुद्राकडे जाताना सॅन्टोरिनी डाव्या हाताला कुठेतरी राहायचं. किती वेळा गेलो असेन त्याचा हिशेब नाही, आणि बेट एकदाही पाहिलं नाही. निवृत्तीनंतर बायकोने हे ऐकलं आणि म्हणाली, मग आता डेकवर बसून दाखवा. म्हणून गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघं तिथल्या फिरा गावाच्या जुन्या बंदरावर उभे होतो. हातात दिवसभराच्या सफरीची तिकिटं: ज्वालामुखीचं बेट, गरम पाण्याचे झरे, थिरासियाला जेवण, संध्याकाळी इयाचा सूर्यास्त.

वरच्या गावातून या बंदरावर उतरायला पायऱ्या आहेत, सहाशेच्या आतबाहेर. नाहीतर खेचर, नाहीतर तारेवरचा पाळणा. खेचरावर शंभर किलोपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही, असा ग्रीक सरकारचा २०१८ पासून नियम आहे. आम्ही दोघंही त्यात बसत होतो. पण बायकोने खेचराकडे पाहिलं, खेचराने बायकोकडे, आणि आम्ही पाळण्याने उतरलो.

खालून वर पाहिलं की कडा काय आहे ते कळतं. जवळजवळ तीनशे मीटर, सरळसोट. काळा थर, तांबडा थर, राखाडी, पुन्हा काळा, आणि सगळ्यांच्या वर पांढरट प्युमिसची जाड साय. सह्याद्रीचा कातळही ज्वालामुखीचाच, पण तो निवांत वाहत येऊन घडीवर घडी बसलेला. इथला कडा म्हणजे फुटलेल्या भांड्याचा काठ. भूगर्भवाले या जागेला ‘काल्देरा’ म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ कढई. इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास या बेटाने पोटातलं सगळं बाहेर ओकलं, पोट रिकामं झालं, आणि वरचं छप्पर आत बसलं. बसलेल्या खड्ड्यात समुद्र शिरला. बेटाचं प्राचीन नाव ‘स्त्रोंगिली’, म्हणजे गोल. उरली ती चंद्रकोर, आणि पलीकडे तिचा तुटलेला तुकडा, थिरासिया.

कढई लांबीला सुमारे बारा किलोमीटर, रुंदीला सात. खोलीचं माझ्या पद्धतीने सांगतो. जहाजाच्या नांगराची साखळी शॅकलमध्ये मोजतात. एक शॅकल साडेसत्तावीस मीटरचा. बऱ्या मोठ्या जहाजाकडे एका बाजूला बारा-तेरा शॅकल असतात. तेरा गुणिले साडेसत्तावीस म्हणजे साडेतीनशेच्या थोडं वर. आणि ही कढई मधोमध जवळजवळ ३९० मीटर खोल आहे. म्हणजे अख्खी साखळी सोडली तरी नांगर लोंबकळतच राहणार. म्हणून बंदरासमोर आलेली मोठमोठी प्रवासी जहाजं नांगर न टाकता इंजिनांच्या जोरावर तरंगत असतात आणि माणसं छोट्या बोटींनी किनाऱ्याला येतात. वर डेकवर कॉकटेलं चालू असतात तेव्हा खाली कोणी चीफ घड्याळाकडे बघत बसलेला असणार. मला उगाच त्याची कीव आली. यांतलंच एक जहाज, ‘सी डायमंड’, एप्रिल २००७ मध्ये इथल्या खडकाला घासलं आणि दुसऱ्या दिवशी बुडालं. दोन प्रवासी सापडले नाहीत. जहाज अजून खालीच आहे.

या सफरींबद्दल नाक मुरडण्याची पद्धत आहे. हौशी लोक, टोप्या, सनस्क्रीन, आयतं जेवण. मीही तसाच विचार करत आलो होतो. आदल्या दिवशी अक्रोतिरी पाहिलं आणि मत बदललं.

अक्रोतिरी बेटाच्या दक्षिण टोकाला. त्या स्फोटाच्या राखेत अख्खं गाव गाडलं गेलं. स्पिरिदोन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये तिथे खणायला सुरुवात केली. दुमजली-तिमजली घरं, जिने, रस्त्याखालून जाणारी गटारं, सगळं जागच्या जागी. माणसांचे सांगाडे मात्र नाहीत. भूकंपाने आधी सूचना दिली असावी आणि लोक चीजवस्तू उचलून निघून गेले असावेत. मारिनातोस यांचा मृत्यूही १९७४ मध्ये तिथे खणतीवरच झाला.

या गावातल्या ‘पश्चिम घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घरात भिंतीच्या वरच्या अंगाला एक अरुंद, लांबलचक चित्रपट्टी निघाली. मी तिच्या मोठ्या छायाचित्रापुढे इतका वेळ उभा होतो की बायको बाहेर जाऊन बसली. एका गावाहून दुसऱ्या गावाला निघालेला नावांचा ताफा. सात मोठ्या नावा, हारतोऱ्यांनी सजवलेल्या, भोवती उड्या मारणारे डॉल्फिन. नावेच्या दोन्ही बाजूंना माणसं वाकून वल्ही मारताहेत, अगदी ओणवी, पाठी मोडतील अशी. आणि मधोमध मांडवासारखं छत, छताखाली पांढरी वस्त्रं पांघरलेली माणसं समोरासमोर बसलेली. काही करत नाहीत. बसली आहेत. किनाऱ्यावरच्या गावात लोक गच्च्यांवर आणि खिडक्यांत येऊन बघताहेत.

विद्वान म्हणतात मिरवणूक असेल, सण असेल. असेल. मला त्या वाकलेल्या पाठींमध्ये आमचं इंजिनरूम दिसलं आणि छताखाली उद्या बसणारे आम्ही दोघं दिसलो. साडेतीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी सावलीत बसून याच बेटाच्या पाण्यावर फिरणारी माणसं होती, आणि त्यांचं चित्र काढून घेण्याइतकं त्याचं कौतुकही होतं.

फिराच्या संग्रहालयात अक्रोतिरीचीच आणखी एक भिंत आहे: खडकांवरून उड्या मारत चढणारी निळी माकडं. ग्रीसमध्ये माकडं नाहीत, त्यामुळे ती इजिप्तकडून आलेली आफ्रिकन माकडं असावीत असं धरलं जाई. २०१९ मध्ये कला-इतिहासाचे आणि माकडांचे अभ्यासक एकत्र बसले आणि त्यांनी शेपट्यांकडे नीट पाहिलं. आफ्रिकन माकडाची शेपटी चालताना खाली राहते. चित्रातली वर उचलून वळवलेली आहे. म्हणजे ही लंगूर असावीत, आपल्याकडची, काळ्या तोंडाची. व्यापाराच्या लांबच लांब साखळीतून सिंधूकडचं एखादं जनावर कोणी चित्रकाराने पाहिलं असेल, असा त्यांचा तर्क. सगळ्यांना तो पटलेला नाही. बायकोला पटला. भंडाऱ्याच्या घरावर रोज वानरांचा धुमाकूळ बघत मोठी झालेली ती. म्हणाली, “कौलं फोडायच्या आधी शेपटी अशीच धरतात.”

बोट सुटली. चाळीसएक माणसं, शिडाची दोन डोलकाठ्यांची लाकडी बोट, पण शिडं नुसती शोभेला, खाली डिझेल. आवाज ऐकून सांगितलं असतं की एका इंजेक्टरचं काही खरं नाही, पण मी निवृत्त आहे.

कढईच्या मधोमध दोन काळी बेटं आहेत. नेआ कामेनी आणि पालेआ कामेनी. ‘कामेनी’ म्हणजे जळकी. नवी जळकी नि जुनी जळकी. नवी मोठी आहे, जुनी छोटी, म्हणून आम्ही त्यांना आपल्या गावांच्या रीतीने जळकी बुद्रुक आणि जळकी खुर्द म्हणायला लागलो. ही दोन्ही बेटं त्या मोठ्या स्फोटातली नव्हेत. स्फोटानंतर सुमारे चौदाशे वर्षं कढईत नुसतं पाणी दिसत होतं. मग तळातून एकेक डोकं वर यायला लागलं, आणि अनेकदा कोणीतरी होडी काढून बघायला गेलं. या जागेचा इतिहास म्हणजे त्या होड्यांतल्या माणसांनी परत येऊन सांगितलेल्या हकिकती.

पहिली हकिकत इसवी सनापूर्वी १९७ ची. भूगोलकार स्ट्रॅबोने ती दोनशे वर्षांनी लिहून ठेवली आहे. थिरा (म्हणजे सॅन्टोरिनीचं मोठं बेट) आणि थिरासियाच्या मध्ये चार दिवस समुद्रातून ज्वाळा निघत होत्या, पाणी उकळत होतं, आणि हळूहळू, एखाद्या यंत्राने तरफ लावून उचलावं तसं एक बेट वर आलं. तरफेची उपमा स्ट्रॅबोचीच, आणि इंजिनिअर म्हणून मला तो माणूस त्याबद्दल आवडतो. आग थांबल्यावर तिथे जायचं धाडस प्रथम कोणी केलं? रोड्सच्या लोकांनी. त्या वेळी या समुद्रावर त्यांच्या आरमाराचा दबदबा होता. ते आले, तापलेल्या दगडावर उतरले, आणि त्यांनी तिथे पोसायडनचं देऊळ बांधलं. पोसायडनची रूपं अनेक. त्यांनी निवडलं ‘अस्फालिओस’, सांभाळून नेणारा, पायाखालची जमीन स्थिर ठेवणारा. कालपरवा समुद्रातून फुटून वर आलेल्या खडकावर जमीन स्थिर ठेवणाऱ्या देवाची स्थापना! नारळी पौर्णिमेला आमचे गाबीत बांधव खवळलेल्या दर्याला नारळ देतात, त्यातलंच हे. त्या बेटाचं नाव पडलं ‘हिएरा’, म्हणजे पवित्र. आज ते दिसत नाही. देऊळही नाही.

त्यानंतर इसवी सन ४६-४७ च्या सुमाराला जळकी खुर्द आलं. ७२६ मध्ये पुन्हा असा भडका उडाला की प्युमिसचे तुकडे दूरदूरच्या किनाऱ्यांना लागले, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या लिओ बादशहाने हा देवाचा कोप समजून चर्चमधल्या प्रतिमांवर राग काढला. १६५० चा उद्रेक कढईच्या बाहेर, ईशान्येला समुद्रात झाला. विषारी वायूंनी माणसं आणि गुरं मेली. यांतली प्रत्येक गोष्ट मोठी आहे, पण बघायला गेलेल्या माणसांची नव्हे, म्हणून सोडतो. मला सगळ्यात जवळची वाटते ती १७०७ ची.

२३ मे १७०७. पहाटे खलाशांना पाण्यात काहीतरी पांढरं दिसलं. जहाज फुटून वाहत आलं असेल, काही हाती लागेल, म्हणून ते होडी हाणत गेले. जहाज नव्हे, खडक. आदल्या दिवशी तिथे नसलेला. घाबरून परतले. पण गावात बातमी फुटली, आणि एक-दोन दिवसांत काही धीट मंडळी मुद्दाम बघायला गेली. खडकावर उतरली. तिथे पांढरा दगड असा मऊ की पावासारखा कापता यावा. आणि खडकाला ताजी कालवं चिकटलेली. समुद्राचा तळच वर उचलला गेला होता, तळावरच्या कालवांसकट. मंडळी बघायला आलेली, आणि लागली कालवं काढायला. तेवढ्यात पायांखाली खडक हलला, चढायला लागला. जे हातात होतं ते घेऊन सगळे होडीत.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो. मालवणात ओहोटीला आमच्या काकू खडकांवर कालवं काढायला जायच्या. भरती चढायला लागली की वरून हाका मारून मारून घसा बसायचा, पण शेवटचं कालव सुटल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत. ज्वालामुखी वर येत असतानाही कालवं सोडवत नाहीत, हे मी कोणालाही पटवून देऊ शकतो. बेटावर राहणाऱ्या गोरे नावाच्या एका जेसुइट पाद्र्याने हा सगळा वृत्तांत लिहिला आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. (आडनाव वाचून मराठी वाचकाच्या भुवया उंचावतील, पण तो आपल्यापैकी नव्हे.) पांढऱ्या खडकाच्या शेजारी पुढे काळे खडक आले, दोन्ही जुळले, १७११ पर्यंत हे चालू राहिलं. तेच जळकी बुद्रुक.

आमची बोट तिथे लागली. टोपलीतून आपापले बूट ओळखून काढण्याचा एक गोंधळ झाला. किनाऱ्यावर तिकीट, मग काळ्या खड्यांची पायवाट, वर सव्वाशे मीटरपर्यंत. सावली नाही. झाड नाही. दगड असे की नुकतेच डंपरमधून ओतलेत. वर विवराच्या काठाला एका फटीतून वाफ येत होती, चहाच्या किटलीएवढीच. वाटाड्या मुलीने सगळ्यांना तिथे हात धरायला लावला. बायकोने धरला आणि पटकन मागे घेतला. मी हाताची उलटी बाजू धरली; पाइपला कधी तळवा लावायचा नाही हे अंगात भिनलेलं. साठ-सत्तर अंश असेल. शेवटचा उद्रेक १९५० चा, म्हणजे माझ्या थोरल्या भावापेक्षा एक वर्षाने धाकटा.

उतरताना डाव्या हाताला मोठा उंचवटा दिसतो, त्याचं नाव गिओर्गिओस, तेव्हाच्या ग्रीक राजाच्या नावावरून. हा १८६६ चा. त्याची गोष्ट सांगण्याआधी इथल्या पाण्याचा एक उपयोग सांगायला हवा, कारण तो माझ्या धंद्यातला आहे.

लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकत. तरी शेवाळ नि शिंपले चिकटायचेच, आणि त्याने वेग मार खातो. आमच्या काळीही तळ घासायला जहाज सुक्या गोदीत घालायचं म्हटलं की कंपनीच्या पोटात गोळा यायचा. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून शाकारून ठेवतात तेव्हा ते काम उरकतं. जळकी बुद्रुकच्या एका खाडीत जमिनीतून आंबट पाणी झिरपत असे. तिथे जहाज आणून नुसतं उभं केलं की काही दिवसांत तळ आपोआप स्वच्छ, तांबं नव्यासारखं. म्हणून जहाजं मुद्दाम यायची. किनाऱ्यावर औषधी स्नानासाठी येणाऱ्यांची घरंही उठली होती. जानेवारी १८६६ च्या अखेरीला नेमकी तीच खाडी तापू लागली. घरं तडकली, जमीन खचली, आणि पाण्यातून लाव्हाचा ढीग वर आला.

आणि लगेच होड्या निघाल्या, या वेळी शास्त्रज्ञांच्या. अथेन्सहून सरकारी मंडळ आलं. त्यात वेधशाळेचे संचालक युलियस श्मिट होते. फेब्रुवारीत ही मंडळी ज्वालामुखीजवळ असतानाच स्फोट झाला, तापलेले दगड बरसले, शास्त्रज्ञ भाजले, आणि जवळच्या एका गलबताला आग लागून त्याचा कप्तान मेला. तरी लोक येतच राहिले. ऑस्ट्रियाची युद्धनौका ‘रेका’ आली, तर नव्या खडकाला तिचं नाव मिळालं. त्याआधी वर आलेल्या एका खडकाला ग्रीक नौका ‘आफ्रोएस्सा’चं. फ्रान्सहून फर्दिनां फुके आले आणि तेरा वर्षांनी, १८७९ मध्ये, त्यांनी सॅन्टोरिनीवर जाडजूड ग्रंथ काढला. ज्वालामुखीशास्त्रात तो अजून मानाचा आहे.

याच उद्रेकाच्या वेळी एक पाहुणा असा आला की तो आलाच नव्हता. जूल्स व्हर्नच्या समुद्रतळाच्या कादंबरीत, जी १८६९-७० मध्ये आली, कॅप्टन नेमो आपली पाणबुडी दोन्ही कामेनींच्या मधल्या खाडीत आणतो. काचेबाहेर पाणी पांढरं, मग लाल, आत उकाडा असह्य. सोबतचे प्राध्यापक घाबरून बाहेर पडायला सांगतात. नेमो मात्र शांत. आता हा नेमो कोण? ते पुढच्या कादंबरीत, १८७५ मध्ये, उघड होतं: बुंदेलखंडचा राजपुत्र दक्कर, १८५७ च्या बंडात इंग्रजांशी लढलेला आणि सर्वस्व गमावलेला. म्हणजे सॅन्टोरिनीच्या कढईत हौसेने फेरफटका मारणारा, माझ्या माहितीतला साहित्यातला पहिला माणूस हिंदी निघाला. आणि तोही काचेतून पाहणारा, पाणपातळीच्या खालून. मी एवढ्यावर खूश होतो.

दुपारी बोट जळकी खुर्दच्या आडोशाला थांबली. इथे एक छोटी खाडी आहे, कडेला पांढरं चर्च, आणि पाणी तांबूस. लोखंडाचा गंज मिसळलेलं. इंजिनाचं जुनं थंडावणीचं पाणी काढलं की असाच रंग असतो. मला वासही ओळखीचा वाटला. बोट बाहेर गार पाण्यात उभी राहते आणि झऱ्यापर्यंत पोहत जावं लागतं. मला नीट पोहता येत नाही. हसू नका, निम्म्या खलाशांना येत नाही. बायको तलावांच्या जिल्ह्यातली. पोहण्याचा पोशाख तिने मालवणहूनच शिवून आणला होता; शिडीवरून उतरली आणि जर्मन पोरांच्या पुढे निघून गेली. मी डेकवर टॉवेल सांभाळत बसलो. अर्ध्या तासाने आली ती केस, कानाच्या पाळ्या, नखं, सगळं पिवळट तांबूस करून. “कोमट आहे हो, आंघोळीला काढतो तेवढं. खाली पायाला चिखल लागतो मऊ.” मग तिची नजर पायांकडे गेली. जोडवी काळी ठिक्कर पडली होती. उतरण्याआधी वाटाड्या मुलीने सांगितलं होतं, चांदी काढून ठेवा, पाण्यात गंधक आहे. पण जोडवी काढायची कुणाला सुचतात?

थिरासियाला जेवण. हे बेट रिकामं रिकामं आहे; वरच्या गावात मोजकीच माणसं. खाली धक्क्याला लागून दोन-तीन खानावळी, निळी टेबलं. भाजलेला मासा आला, टोमॅटोची भजी आली, आणि एका खोलगट ताटलीत पिवळंधमक घट्ट वरण, वर चिरलेला कांदा आणि ऑलिव्हचं तेल. याला ते ‘फावा’ म्हणतात. बायकोने पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला.

“अहो, ही तर लाखोळी.”

मी म्हटलं, अगं, काहीतरीच. पण ती डाळीच्या बाबतीत चुकत नाही. आणि चुकली नव्हतीच: सॅन्टोरिनीचा फावा ज्या वेलीचा, ती आपल्या लाखेची सख्खी चुलत बहीण आहे, एकाच वंशातली. आपल्याकडे लाखेच्या विक्रीवर कितीतरी वर्षं बंदी होती, पायांचा लकवा होतो म्हणून. इथे तिच्या बहिणीची डाळ नक्षीदार पाकिटांत, ऑलिव्हच्या तेलाशेजारी विकायला मांडलेली. अक्रोतिरीच्या राखेखालच्या घरांत साठवणीच्या रांजणांतही हेच दाणे मिळालेत. म्हणजे चित्रातल्या त्या छताखाली बसलेल्या मंडळींनी घरी जाऊन बहुधा हेच खाल्लं.

थिरासियाचा एके काळचा दुसरा विक्रीचा माल म्हणजे कड्याच्या माथ्यावरची ती पांढरी साय. ही ज्वालामुखीची माती चुन्यात मिसळली की तो चुना पाण्याखालीही पकडतो. आपल्याकडे त्यासाठी विटांची सुरखी घालत. सुएझचा कालवा खणायला घेतला तेव्हा इथून बोटी भरभरून माती गेली. कडा वरून खरवडत न्यायचा आणि खाली घसरवून थेट बोटीत. खणता खणता तळाशी मजुरांच्या पहारी दगडी भिंतींना अडल्या. धंद्याच्या दृष्टीने ती पीडाच, माती संपल्याची खूण. पण त्या भिंती प्युमिसखाली गाडलेल्या घरांच्या होत्या. १८६६-६७ मध्ये फुके आणि इतरांनी त्या पाहिल्या आणि पहिल्यांदा कळलं की त्या महास्फोटाआधी इथे नांदतं गाव होतं. मारिनातोस यांच्या शंभर वर्षं आधी.

कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात उघडला. लंडन-मुंबईचं अंतर चार हजारांहून जास्त सागरी मैलांनी घटलं, आणि मुंबईच्या कापसाचं, गोद्यांचं, गिरण्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझी अर्धी नोकरी त्या कालव्यातून वर-खाली करण्यात गेली. पोर्ट सैदला रात्र-रात्र ताफ्यात नंबर लागायची वाट बघितली. ज्या बेटाला कधी पाहिलं नाही त्याची माती माझ्या वाटेत होती, हे मला थिरासियाच्या धक्क्यावर, माशाचे काटे काढताना कळलं.

संध्याकाळी इया. कड्याच्या टोकावरचं ते पांढरं-निळं गाव सगळ्या जगाने फोटोंत पाहिलेलं आहे, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. एवढंच, की ते मुळात कप्तानांचं गाव. एकोणिसाव्या शतकात इथली शिडाची गलबतं बेटाची गोड दारू रशियाला नेत आणि धान्य आणत. वर कप्तानांचे वाडे, खाली प्युमिसच्या कड्यात खोदलेल्या खलाशांच्या गुहा. वाफेच्या इंजिनाने शिडं उतरवली आणि हे गाव बसलं. तेव्हा इथे जरा मान खाली घालूनच फिरावं लागलं, कारण बुडवणारे आमच्याच धंद्यातले. जे उरलं होतं ते ९ जुलै १९५६ च्या पहाटेच्या भूकंपाने पाडलं. बेटावर ५३ माणसं गेली. उरलेल्यांतले कितीतरी पिरेयसला आणि अथेन्सला निघून गेले. गावं ओस पडली. ज्या गुहांत खलाशी दाटीवाटीने राहत त्या पुढे सरकारनेच पाहुण्यांसाठी दुरुस्त करायला घेतल्या, आणि आज तिथे एका रात्रीचं भाडं विचारून मी पुन्हा विचारलं, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून.

२०२५ च्या जानेवारीअखेर इथे हजारो छोटे भूकंप झाले. अकरा हजारांहून जास्त लोकांनी बेट सोडलं. आम्ही गेलो तेव्हा सगळे परत आले होते आणि दिवसाला आठ हजारच जहाजी प्रवासी उतरू द्यायचे असा दंडक चालू होता. आमच्या बोटीच्या कप्तानाला मी विचारलं, त्या दिवसांत काय केलंत? म्हणाला, बोट रंगवली.

सूर्य गेला. साठ-सत्तर बोटींतून टाळ्या पडल्या. मालवणात सूर्य रोज जातो, कोणी टाळ्या वाजवत नाही. पण बायकोने वाजवल्या, मग मीही.

जोडव्यांचं सांगायचं राहिलं. हॉटेलात तिने टूथपेस्टने घासली, घरी येऊन रांगोळीने, चिंचेने. उजळली, पण नक्षीच्या खाचांतला काळा हटेना. शेवटी मालवणच्या बाजारात आमच्या नेहमीच्या सोनाराकडे नेली. त्याने भिंग डोळ्याला लावलं, उलटसुलट केली आणि विचारलं, “वयनी, ही खंय काळी केलास?”

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, “जळकी बुद्रुकाक.”

तो मान हलवून घासायला लागला. कुडाळच्या पलीकडचं गाव असेल, असं त्याला वाटलं असणार.